ट्रंकेतल्या कागदांवरून खापरपणजोबांचा शोध

वाचकाचं पत्र:

माझं माहेर सांगलीचं. लग्नानंतर बरीच वर्षं मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये, ग्रीन्सबरोजवळ राहते. नवरा इथलाच, त्याच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या याच भागात गेल्या. सासरे गेल्यावर सासूबाईंनी घर आवरायला काढलं आणि एक जुनी ट्रंक माझ्या हवाली केली. "तुला या गोष्टींची आवड आहे, तूच सांभाळ," म्हणाल्या. आत एक जाडजूड बायबल, दोऱ्यानं बांधलेली सात-आठ पत्रं पाकिटांसकट, पत्र्यावर उमटवलेला एका तरुणाचा फोटो आणि पेन्शनबद्दलचा एक फाटका कागद आहे. घरात सांगतात ते असं: नवऱ्याचे खापरपणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, सैन्यात जनरल लींच्या हाताखाली कॅप्टन होते, गेटिसबर्गला जखमी झाले, आणि घरची गरिबी, त्यामुळे गुलाम कधी नव्हतेच. माझा बारा वर्षांचा मुलगा विचारतो, "म्हणजे ते गुलामगिरीच्या बाजूनं लढले का?" मला खरं काय ते शोधायचं आहे. सुरुवात कुठून करू? सासूबाईंच्या समजुतीपेक्षा वेगळंच काही निघालं तर? आणि मी बाहेरून आलेली सून, हे उकरून काढायचा मला हक्क आहे का?

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ट्रंक सासूबाईंनी स्वतः तुमच्या हातात दिली आणि प्रश्न तुमच्या मुलानं विचारला, जो त्या गृहस्थांच्याच रक्ताचा आहे. हक्काचा प्रश्न इथेच मिटला. आता कामाला लागा.

घरातल्या त्या एका गोष्टीत खरं तर निरनिराळी विधानं एकात एक गुंफलेली आहेत. ते सैन्यात होते. कॅप्टन होते. लींच्या हाताखाली होते आणि गेटिसबर्गला जखमी झाले. घरात गुलाम नव्हते. यातल्या प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या कागदात मिळतो. एक खरं निघालं म्हणून बाकीची खरी ठरत नाहीत, आणि एखादं फोल ठरलं म्हणून सगळंच बनाव होतं असंही नाही. ही विधानं कागदावर सुटी सुटी लिहून काढा आणि प्रत्येकाखाली भरपूर जागा सोडा.

आणि कृपा करून लगेच इंटरनेटवर नाव टाकून शोधायला बसू नका. बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. कॉन्फेडरेट सैन्यातली एकेक कंपनी, म्हणजे छोटी तुकडी, बहुधा एकाच काउंटीतून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातून, उभी राहायची. त्यामुळे चुलते, चुलतभाऊ, शेजारी सगळे एकाच यादीत, आणि नावंही तीच तीच. त्यात कारकून कधी पूर्ण नाव लिहीत, कधी नुसती आद्याक्षरं, आणि आडनावाचं स्पेलिंग कानाला लागेल तसं. नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. आधी घरातल्या कागदांवरून "आपला माणूस" नेमका कोण ते पक्कं करा. मधलं नाव, जन्मसाल, काउंटी, बायकोचं माहेरचं आडनाव, लग्नाची तारीख, भावंडं. एवढं हाताशी असलं की मगच सरकारी दप्तरं उपयोगी पडतात.

यातलं बरंचसं बायबलमध्ये मिळेल. तिथल्या घराघरांतून बायबलमधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं आणि मृत्यू नोंदवायची रीत होती, आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या वह्यांत घराण्यांच्या नोंदी सापडतात तशी. पण नोंदी वाचण्याआधी पुस्तकाच्या सुरुवातीचं पान उघडून छपाईचं साल बघा. बायबल छापलं 1875 साली आणि नोंद 1840 च्या जन्माची, शिवाय सगळ्या नोंदी एकाच शाईनं, एकाच हातानं, एका बैठकीत लिहिल्यासारख्या, असं असेल तर त्या मागाहून कुणीतरी आठवणीनं उतरवलेल्या आहेत. त्या खोट्या ठरत नाहीत, पण घडलं तेव्हाच लिहिलेल्या नोंदीचं वजन त्यांना नाही. उलट अक्षर बदलत गेलेलं, शाई कुठे फिकट कुठे गडद, अशा नोंदींवर मी जास्त विसंबेन. शेवटची कोरी पानंही उलटून बघा. त्याबद्दल पुढे बोलते.

आता पत्रं. पाकिटं टिकली आहेत हे वाचून मला खरोखर आनंद झाला, कारण बरेच लोक पत्र ठेवतात आणि पाकीट टाकून देतात. जुलै 1861 मध्ये कॉन्फेडरेट काँग्रेसनं सैनिकांना तिकीट न लावता पत्र पाठवायची सवलत दिली होती. टपालाचे पैसे घरचे लोक पत्र घेताना भरायचे. अट एकच होती: पाकिटावर सैनिकानं आपलं नाव, हुद्दा, कंपनी आणि रेजिमेंट (अनेक कंपन्यांची मोठी तुकडी) लिहायची. म्हणजे युद्ध चालू असताना त्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेला हुद्दा तुमच्या ट्रंकेत असू शकतो. पाकिटाच्या वरच्या कडेला बारीक अक्षर आहे का बघा. कुठे नुसता 5 किंवा 10 असा आकडा असेल तर तो येणे असलेल्या सेंटांचा. जुलै 1862 पासून साध्या पत्राचा दर सरसकट 10 सेंट झाला. त्याआधी 500 मैलांच्या आत 5 सेंट पडत. तारीख पुसली असली तरी या आकड्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. पुढे पुढे दक्षिणेत कागदाची इतकी टंचाई झाली, की आलेलं पाकीट उसवून, उलटं करून पुन्हा वापरत. हिशेबाच्या वहीची पानं, भिंतीला लावायचा कागद, काहीही चाले. तेव्हा पाकीट उजेडासमोर धरून आतल्या बाजूला आणखी एखादा पत्ता दिसतो का तेही पाहा. फाडून मात्र बघू नका. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, टिपणं करताना हातात फक्त पेन्सिल ठेवायची. प्रत्येक कागदाचा आणि पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि नंतरचं सगळं वाचन त्या फोटोंवरूनच करा.

पत्र्यावरच्या फोटोबद्दल एक सांगते. अशा फोटोत डावं-उजवं उलटं उमटतं, त्यामुळे बक्कलवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतील. भिंग घेऊन गणवेशाची कॉलर बघा. कॉन्फेडरेट सैन्यात कॅप्टनच्या कॉलरवर तीन आडव्या पट्ट्या असत, लेफ्टनंटच्या दोन किंवा एक. पट्ट्या दिसल्या तर उत्तम. नाही दिसल्या तरी निष्कर्ष काढू नका, फोटो भरती झाल्याच्या आठवड्यातलाही असू शकतो. आणि हो, फोटो पुसून साफ करायचा मोह आवरा.

एवढं झालं की सरकारी दप्तराकडे वळा. एप्रिल 1865 मध्ये कॉन्फेडरेट राजधानी रिचमंड पडलं तेव्हा शहराला आग लागली आणि कॉन्फेडरेट सरकारचे पुष्कळ कागद गेले. जे बाहेर काढता आले त्यांतले सैन्याचे बरेच कागद तुमच्याच राज्यातल्या शार्लट गावी पोचले. लष्करी दप्तराचे प्रमुख सॅम्युअल कूपर यांनी ते नष्ट न करता उत्तरेच्या युनियन सैन्याच्या ताब्यात जाऊ दिले, म्हणून आज तुम्हा-आम्हाला हे शोधता येतं. पुढे 1903 पासून वॉशिंग्टनच्या युद्धखात्यातल्या कारकुनांनी हजेरीपत्रकं, पगारपत्रकं, इस्पितळांची रजिस्टरं आणि युद्धकैद्यांच्या याद्या चाळून प्रत्येक सैनिकाच्या नावाची कार्डं तयार केली. ती आता राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि राज्यवार मायक्रोफिल्म केलेली आहेत. नॉर्थ कॅरोलायनाचा संच एम 270 या क्रमांकाचा. फोल्ड थ्री या संकेतस्थळावर कार्डांच्या प्रतिमा दिसतात. त्याला पैसे पडतात, पण आधी तुमच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा, पुष्कळ ठिकाणी सभासदांना ते फुकट वापरता येतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडायला पैसे लागत नाहीत. शिवाय नॅशनल पार्क सर्व्हिसची दोन्ही बाजूंच्या सैनिकांची यादी मोफत आहे. त्यात नाव, रेजिमेंट, भरती होतानाचा हुद्दा आणि बाहेर पडतानाचा हुद्दा एवढंच मिळतं. पण कॅप्टनपणाचा पहिला अंदाज घ्यायला तेवढं पुरतं.

कार्डं वाचताना घाई नको. हजेरी साधारण दोन-दोन महिन्यांची लागायची. हजर, आजारी म्हणून गैरहजर, रजेवर, परवानगीशिवाय गैरहजर, असे शेरे असतात. गेटिसबर्गची लढाई 1 ते 3 जुलै 1863 ची. त्यामुळे तुम्हाला जुलै-ऑगस्ट 1863 चं कार्ड पाहिजे, आणि त्याच्या आगेमागे इस्पितळाची किंवा कैदेची नोंद आहे का ते पाहिजे. लढाईत सापडलेल्या पुष्कळ जणांना फोर्ट डेलावेअर किंवा मेरीलँडमधल्या पॉइंट लुकआउटच्या तळावर ठेवलं होतं. कैदेतून सुटताना निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि तिच्या नोंदीत कधी उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंगही लिहिलेला सापडतो. फोटोशी आणि पत्रांतल्या वर्णनाशी तो ताडून बघता येईल.

एका बाबतीत लोकांच्या हातून फार अन्याय होतो. कार्डं 1864 च्या शेवटाशी थांबली की "पळून गेला असणार" असं ठरवून मोकळे होतात. अहो, शेवटच्या महिन्यांतली हजेरीपत्रकंच कित्येक कंपन्यांची उरलेली नाहीत. पळून गेल्याची नोंद असेल तर ती तशी स्पष्ट लिहिलेली असते. आणि तशी ती निघालीच, तरी दचकू नका. तुमची गिलफर्ड काउंटी आणि शेजारची रँडॉल्फ हा क्वेकर लोकांचा, म्हणजे युद्धाला आणि गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, मुलूख. तिथे सक्तीच्या भरतीला मोठा विरोध होता आणि सैन्य सोडून रानात लपून राहिलेली माणसं पुष्कळ होती. घरी बायको एकटी नांगर धरते आहे, पोरं उपाशी आहेत, अशी पत्रं छावणीत पोचत होती. तुमच्या हातातल्या पत्रांत तसं काही असेल तर ते हजेरीच्या कार्डाशेजारी ठेवून वाचा.

कॅप्टनपद कसं तपासायचं? युद्धानंतर दक्षिणेत गावातल्या मानाच्या माणसाला सर्रास कॅप्टन किंवा कर्नल म्हणत. नातवंडांच्या कानावर तेच पडलं आणि पुढे सरकलं, असं फार घराण्यांत झालं आहे. पण दुसरी शक्यताही खरी आहे. सुरुवातीला कंपनीचे अधिकारी सैनिकच मतं देऊन निवडायचे, आणि 1862 च्या वसंतात फेरनिवडणुका झाल्या तेव्हा बरेच कॅप्टन पडले आणि घरी परतले. तेव्हा एकच वर्ष कॅप्टन असलेला माणूस नंतरच्या यादीत दिसला नाही, तर आधीच्या बघा. लींचं म्हणाल, तर व्हर्जिनियातल्या सैन्याची सूत्रं त्यांच्याकडे जून 1862 मध्ये आली. रेजिमेंट कळली की ती त्या सैन्यात होती की टेनेसीकडच्या, हे तिच्या इतिहासावरून लगेच समजेल.

भरतीची तारीखही नीट टिपून ठेवा. 16 एप्रिल 1862 ला 18 ते 35 वयाच्या गोऱ्या पुरुषांना सक्तीची भरती लागू झाली. त्याच्या बऱ्याच आधी नाव घातलेला माणूस स्वखुशीनं गेला. नंतरचा कदाचित कायद्यानं ओढला गेला. मार्च-एप्रिल 1862 मधले पुष्कळ जण सक्ती येणारच आहे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर जाऊ म्हणून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला सूट देणारा कायदा आला आणि गरीब शेतकऱ्यांत त्यावरून मोठा संताप उसळला.

त्या फाटक्या पेन्शनच्या कागदावर मी सर्वांत जास्त भिस्त ठेवेन. कॉन्फेडरेट सैनिकांना केंद्र सरकारनं त्या काळी पेन्शन दिलं नाही. दिलं ते राज्यांनी, आणि तेही माणूस म्हातारपणी ज्या राज्यात राहत होता त्या राज्यानं. नॉर्थ कॅरोलायनानं 1885 साली अपंग आणि गरजू सैनिकांना व विधवांना पेन्शन सुरू केलं आणि 1901 च्या कायद्यानं ते आणखी लोकांना खुलं केलं. हे अर्ज राज्याची राजधानी राली इथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. अर्जात कंपनी, रेजिमेंट, जखम कुठे आणि केव्हा झाली हे विचारलेलं असतं, डॉक्टरचा दाखला असतो आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. साक्षीदार बहुधा त्याच कंपनीतले जुने सोबती. त्यांची नावं यादीत त्याच कंपनीत सापडली, आणि विधवेच्या अर्जातली लग्नाची तारीख तुमच्या बायबलमधल्या तारखेशी जुळली, की माणूस पक्का झाला म्हणा. मग त्याच नावाचे आणखी चार जण असोत. एवढं ध्यानात ठेवा, की अर्ज करणारा माणूस वीस-चाळीस वर्षांपूर्वीचं आठवून लिहितोय आणि त्याला पैशाची निकड आहे. अर्ज आणि कार्ड यांत तफावत दिसली तर त्या काळी लिहिलेल्या कार्डाला झुकतं माप द्या. 1910 च्या जनगणनेतही युद्धातल्या हयात माणसांसाठी एक रकाना होता. त्यात कॉन्फेडरेट सैन्यातल्या माणसापुढे "सीए" ही अक्षरं असतात.

आता गुलामगिरीकडे येते. मुलानं विचारलं आहे ते हेच.

1860 च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी होती. त्यात मालकाचं नाव, आणि खाली ओळीनं वय, लिंग, वर्ण. नाव नाही. नॉर्थ कॅरोलायनात त्या साली सुमारे 3 लाख 31 हजार माणसं गुलामीत होती, म्हणजे लोकसंख्येतला दर तिसरा माणूस. आणि बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम नव्हते हेही खरं, त्यामुळे सासूबाई सांगतात ते बरोबर असू शकतं. पण खापरपणजोबा तेव्हा विशीतले असतील तर त्यांच्या स्वतःच्या नावावर काही नसणारच. त्यांच्या वडिलांचं नाव शोधा, आजोबांचं शोधा, आईच्या माहेरचं शोधा. काउंटीतली मृत्युपत्रं आणि वाटणीचे कागद काढा. तिथे गुलामांची नावं लिहिलेली असतात, घोडे आणि पलंग यांच्या मधोमध, समोर किंमत डॉलरमध्ये. ते वाचताना त्रास होईल. तरी वाचा आणि नावं उतरवून घ्या.

बायबलची शेवटची पानं बघा म्हटलं ते यासाठी. कधी कधी तिथे नुसती पहिली नावं आणि जन्मतारखा असतात, आडनाव नाही, आईबापांपैकी असलंच तर एकट्या आईचं नाव. घरातल्या मुलांशी ती नावं जुळत नसतील, तर ती त्या घरात गुलामीत जन्मलेली मुलं असण्याची मोठी शक्यता आहे. गुलामीतून सुटलेल्या माणसांची जनगणनेत नावानिशी नोंद पहिल्यांदा झाली ती 1870 साली. त्यांचे वंशज आपली माणसं शोधत 1870 पर्यंत येतात आणि बहुतेकांचा रस्ता तिथे संपतो. तुमच्या ट्रंकेतलं एखादं पान कुणाला त्याच्याही मागे नेऊ शकतं. असं पान निघालं तर त्याची चांगली प्रत रालीच्या अभिलेखागाराला द्या, ते घराण्यांच्या बायबलमधल्या नोंदी जमवून ठेवतात. हे काम मला कॅप्टन होते की नव्हते यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

मुलाला उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ती राज्यं कशासाठी फुटली, याचं उत्तर त्यांच्या पुढाऱ्यांनीच देऊन ठेवलं आहे. कॉन्फेडरेट सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च 1861 मध्ये सव्हानाच्या भाषणात उघड सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, या विचारावरच नव्या सरकारचा पाया उभा आहे. तेव्हा ते सैन्य कोणत्या बाजूनं लढलं याबद्दल मुलाला आडवळणानं सांगू नका. हो म्हणा. दुसरी गोष्ट, तो एक तरुण त्यात का गेला. हे तुम्ही दोघं मिळून कागदांत शोधा: भरतीच्या तारखेत, पत्रांत, वडिलांच्या नावावरच्या गुलामांच्या यादीत. कदाचित तो राजीखुशीनं गेला असेल, कदाचित नाइलाजानं. नाइलाजानं गेला असेल तर त्याच्याबद्दल कणव वाटू द्या, पण त्यामुळे पहिलं उत्तर बदलत नाही. आणि मुलाच्या आजोळची, मराठीची गोष्टही त्याला सांगा. ते युद्ध संपून आठच वर्षं झाली असताना, 1873 साली, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपलं "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. बारा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही कळण्याइतकी समज असते.

राहता राहिल्या सासूबाई. शोध पुरा करून निकाल लागल्यासारखं त्यांच्यापुढे जाऊ नका. आत्ताच त्यांना सोबत घ्या. त्यांच्याकडची गोष्ट फोनवर त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा, आणि ती त्यांनी कुणाकडून ऐकली, केव्हा, तेही विचारा. ती गोष्ट तुमच्या वहीत जशीच्या तशी राहील, "घरात असं सांगत" या मथळ्याखाली. बाजूला "कागद असं म्हणतो". दोन्ही शेजारी शेजारी असली की कुणाला खोटं पाडल्यासारखं होत नाही. त्या दुखावल्या तर थोडं थांबा, विषय चार दिवस बाजूला ठेवा, पण सापडलेलं लपवू नका आणि वहीतून गाळू नका. नवऱ्यालाही यात ओढा. त्याचं घराणं आहे, सगळा भार तुम्ही एकटीनं का वाहावा?

पेन्शनचा अर्ज शोधताना काउंटीचं नाव लागेल, आणि म्हातारपणी ते गृहस्थ मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते का हेही कळायला हवं. कागद फाटला आहे त्यात ते नेमकं गेलं असेल तर सासूबाईंना विचारा, त्यांना आठवेल.